आधी फटी, मग बॉयलर, खिडक्या सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लीड्समध्ये 1900 च्या सुमाराचं विटांचं टेरेस घर (भिंतीला भिंत लागून असलेल्या ओळीतलं), त्याचे पुढे फ्लॅट झाले. त्यातला पहिल्या मजल्यावरचा, 42 चौरस मीटरचा, एका बेडरूमचा फ्लॅट तुम्ही दोघांनी लीजहोल्डवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावर घेतलाय. चार जुन्या सॅश (वर-खाली सरकणाऱ्या) खिडक्या, एकेरी काच. स्वयंपाकघरात कॉम्बी बॉयलर, म्हणजे घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा गॅसचा बॉयलर. दोघांपैकी एकजण घरून काम करतं. गेल्या जानेवारीचं गॅसचं बिल 110 पाउंड आलं, तरी बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आणि काळे ठिपके. खिडक्या बदलायचं कोटेशन 7,200 पाउंड. येत्या नोव्हेंबरात आई-बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी येतायत. तेव्हा आधी काय करावं, खिडक्या की बॉयलर, की एखादा विजेचा हीटर आणून ठेवावा?

मी गेली अठरा वर्षं इंग्लंडच्या उत्तर भागात जुन्या घरांची ऊर्जा-तपासणी करते. माझं उत्तर: खिडक्यांचा करार अजून सही करू नका. का, ते आकड्यांनी दाखवते, कारण हा हिशोब एकदा कळला की पुढचे सगळे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील.

घराची उष्णता किती वेगाने बाहेर जाते, हे आम्ही 'एका अंशाला किती वॅट' असं मोजतो. म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर घर किती वॅटने गळतं. वरचा आणि खालचा शेजारी आपापली घरं गरम ठेवतात, म्हणून तुमच्या जमिनीतून आणि छतातून फारसं काही जात नाही. फ्लॅटचा हा मोठा फायदा. उरल्या तीन वाटा. पुढची-मागची विटांची भिंत, खिडक्या वगळून सुमारे 22 चौरस मीटर. नऊ इंची भरीव विटेतून दर चौरस मीटरला साधारण 2 वॅट जातात, म्हणजे 44. खिडक्या 8 चौरस मीटर, एकेरी काचेतून साधारण 5 वॅट, म्हणजे 40. आणि तिसरी वाट हवेची. तुमची छतं तीन मीटर उंच, म्हणजे घरात 126 घनमीटर हवा. अशा जुन्या, फटी असलेल्या घरातली हवा वाऱ्याच्या दिवसांत तासाला सरासरी दीड वेळा बदलते असं धरा. हवा तापवायला लागणाऱ्या उष्णतेचा गुणक 0.33, म्हणजे 0.33 गुणिले 1.5 गुणिले 126. उत्तर 62.

तिन्हींची बेरीज 146. आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा काचेचा नाही, भिंतीचाही नाही. तो फटींचा आहे.

आता पैशांत बघा. लीड्सच्या हवेत, दिवसभर कुणीतरी घरी असणाऱ्या फ्लॅटमध्ये, या प्रत्येक वॅटमागे वर्षाला सुमारे 50 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. बॉयलरची तूट धरून 60 युनिट गॅस. युनिटला साडेसहा पेन्स धरले तर जवळपास 4 पाउंड. तुमचं वर्षाचं हीटिंग म्हणजे 146 गुणिले 4, साधारण 580 पाउंड. त्यातला सहावा हिस्सा एकट्या जानेवारीत जातो. त्यात अंघोळीचं गरम पाणी आणि रोजचा स्टँडिंग चार्ज (वापर नसला तरी द्यावा लागणारा ठरलेला आकार) मिळवा, तुमचे 110 पाउंड जवळपास जुळतात. म्हणजे बिलात चूक नाही, मीटरही ठीक आहे. घरच गळतंय.

फटी नीट बुजवल्या तर तासाला दीड वेळा बदलणारी हवा 0.8 वर आणता येते. मग 62 चे 33 होतात. 29 वॅट वाचले, म्हणजे वर्षाला 115 पाउंड. खर्च, स्वतः केलंत तर शंभर-दीडशे पाउंडांचं सामान आणि दोन रविवार. याउलट एकेरी काचेच्या जागी उत्तम दुहेरी काच घातली, तर 40 चे 11 होतात. वाचले पुन्हा 29 वॅट, पुन्हा 115 पाउंड. पण खर्च 7,200. नव्या खिडक्यांनी त्यांच्या स्वतःच्या फटीही बंद होतात हे खरं, तो फायदा वेगळा धरावा लागेल. तरीही पैसे वसूल व्हायला चाळीस-पन्नास वर्षं लागतील. म्हणून म्हणते, करार थांबवा. शिवाय लीजहोल्डमध्ये खिडक्या बहुधा तुमच्या नसतातच. लीजच्या कागदात खिडक्यांची चौकट आणि काच कुणाच्या मालकीची लिहिली आहे ते वाचा. ती फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची असेल तर त्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. इमारत कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपायच्या भागात) असेल तर कौन्सिलकडेही चौकशी करावी लागेल.

फटी शोधायला महागडं यंत्र लागत नाही. वारा सुटलेल्या दिवशी सगळ्या खिडक्या-दारं बंद करा, स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा, हवा बाहेर फेकणारा पंखा चालू करा आणि उदबत्ती लावून घरभर हळूहळू फिरा. (स्मोक अलार्मपासून जरा लांबूनच.) धूर सरळ वर न जाता जिथे आडवा पळतो, तिथे खडूने खूण करा. मी आजही प्रत्येक घरात ही चाचणी करते. आपल्याला वाटतं वारा खिडकीतून येतो, पण धूर भलत्याच जागा दाखवतो: सिंकखाली पाइप भिंतीतून जातो ते भोक, कमोडच्या मागचा पाइप, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) आणि लाकडी फळ्यांच्या जमिनीमधली रेघ, पत्रपेटीची फट, पुढच्या दाराचा खालचा भाग. पाइपभोवतीची भोकं सिलिकॉन किंवा पुट्टीने बुजवा. पत्रपेटीला आतून ब्रश असलेली झडप मिळते. दाराला खाली ब्रशची पट्टी लावा. जिना सामायिक असेल तर फ्लॅटचं पुढचं दार बहुधा आगरोधक असतं. त्याला भोकं पाडण्याआधी इमारतीची देखरेख करणाऱ्या मॅनेजिंग एजंटला विचारा, आणि आग लागली तर दार आपोआप बंद होण्यात अडथळा येईल असं काही त्यावर लावू नका.

सॅश खिडकीची गळती तिच्या रचनेतच असते, कारण दोन चौकटी एकमेकींवरून सरकायच्या तर मध्ये जागा हवीच. पण दोन चौकटी मध्यभागी जिथे भेटतात तिथलं कुलूप ढिलं असेल तर बराच वारा तिथूनच येतो. नवं कुलूप दहा-पंधरा पाउंडांना मिळतं आणि ते फिरवलं की दोन्ही चौकटी घट्ट ओढल्या जातात. बाकी कडांना ब्रशची पट्टी बसवून घ्यायची तर सुतार लागेल. चार खिडक्यांसाठी काही शे पाउंड होतील, पण मग खिडकी सहज सरकते आणि खडखडतही नाही. कारागिराकडून ड्राफ्ट-प्रूफिंग, म्हणजे हे फटी बुजवण्याचं काम करून घेतलं तर 31 मार्च 2027 पर्यंत त्यावर व्हॅट शून्य आहे. खिडकीच्या काचांना ही सवलत नाही, हे कोटेशन देणारे सांगत नाहीत.

मग चिमणी. अशा घरांत बैठकीत जुनी फायरप्लेस असते, समोर फळी ठोकून बंद केलेली. फळीमागे चिमणी उघडीच असते आणि घरातली गरम हवा चोवीस तास वर ओढून नेते. तिथे लोकरीची गादी किंवा फुगा बसवतात. वीस-तीस पाउंडांची ही वस्तू मी पाहिलेल्या घरांत सगळ्यात जास्त फरक पाडते. थोडी हवा वर जाऊ द्यायची, नाहीतर चिमणी आतून ओलावते. आणि समोर दोरीला चिठ्ठी बांधून ठेवा, 'चिमणी बंद आहे, आग पेटवू नये'. घर उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल.

इथे एक गोष्ट मी ठासून सांगते. त्या चिमणीला गॅसची फायर जोडलेली असेल, किंवा भिंतीत गॅसच्या उपकरणासाठी मुद्दाम ठेवलेला झरोका असेल, तर तो कधीही बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्वयंपाकघरात बॉयलरजवळ त्याचा अलार्म लावा, वीस पाउंडांना मिळतो. बॉयलरचं झाकण उघडण्याचं कोणतंही काम गॅस सेफ रजिस्टरवर (गॅसची कामं करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत) नाव असलेल्या माणसाकडूनच.

खिडक्यांचा विचार पूर्ण सोडा असं मी म्हणत नाही. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने हिस्टॉरिक स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेसाठी 2008 मध्ये जुन्या सॅश खिडक्यांवर चाचण्या केल्या होत्या. नुसत्या जाड पडद्याने काचेतून जाणारी उष्णता 14 टक्के घटली, लाकडी शटरने 51 टक्के आणि आतून लावलेल्या दुसऱ्या काचेने 63 टक्के. या दुसऱ्या काचेला इथे सेकंडरी ग्लेझिंग म्हणतात. जुनी खिडकी तशीच राहते, आतल्या बाजूला वेगळी काच किंवा चुंबकाच्या पट्टीने चिकटणारा अ‍ॅक्रिलिकचा तक्ता बसतो. तुमच्या 40 वॅटचे त्याने 15 होतील. वर्षाला शंभर पाउंड, आणि अ‍ॅक्रिलिकचे तक्ते स्वतः लावले तर खर्च पाच-आठशेच्या घरात. उन्हाळ्यात काढून पलंगाखाली ठेवता येतात. रस्त्याचा आवाजही कमी होतो. एक खिडकी मात्र सहज उघडता येईल अशी ठेवा, आगीच्या प्रसंगी बाहेर पडायला. या हिवाळ्यात तेवढेही पैसे नसतील तर हेअर-ड्रायरने ताणायची पारदर्शक फिल्म मिळते. दिसायला फार चांगली नाही, एकच हिवाळा टिकते, पण आई-बाबांच्या खोलीपुरती लावाच. पडदा रेडिएटरवर (बॉयलरचं गरम पाणी फिरतं त्या भिंतीवरच्या पत्र्यावर) लोंबत असेल तर तो खिडकीच्या पाटावर टेकेल इतका आखूड करून घ्या, नाहीतर रेडिएटर खोलीऐवजी काच तापवत बसतो.

आता बॉयलर. बाहेर 2 अंश आणि आत 19 अंश असताना तुमच्या घराला लागतात 17 गुणिले 146, म्हणजे अडीच किलोवॅट. तुमचा कॉम्बी 24 किलोवॅटचा असेल, बहुतेक तेवढेच असतात. एवढी ताकद अंघोळीचं पाणी क्षणात तापवायला लागते, घराला नाही. त्यामुळे हीटिंग लावलं की तो भडकून पेटतो, दोन-तीन मिनिटांत पाणी तापवून विझतो, पुन्हा पेटतो. बसवून गेलेला माणूस रेडिएटरच्या पाण्याचं तापमान 75-80 वर ठेवून जातो, म्हणजे 'घर तापत नाही' अशी तक्रार येत नाही.

2005 नंतरचे जवळपास सगळे गॅस बॉयलर कंडेन्सिंग असतात. धुरातल्या वाफेचं पाणी करून त्यातली उष्णताही ते परत घेतात. पण रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच हे जमतं. 80 वर चालवलात तर ज्या गुणासाठी हा बॉयलर घेतला तोच वापरला जात नाही. बॉयलरवर दोन चिन्हं असतात, नळाचं आणि रेडिएटरचं. रेडिएटरचं बटण 55 वर आणा. खूप थंडीच्या आठवड्यात 60. गॅसमध्ये साधारण 6 ते 8 टक्के बचत होते आणि खर्च काहीच नाही. रेडिएटर हाताला पूर्वीइतके चटका देणारे लागणार नाहीत आणि घर तापायला जास्त वेळ लागेल, म्हणून हीटिंग अर्धा-पाऊण तास आधी सुरू होईल असं लावा. हे फक्त कॉम्बीसाठी. कुणाकडे गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर टाकीतलं पाणी 60 च्या खाली जाता कामा नये, लेजिओनेला जंतूंचा धोका असतो. वार्षिक सर्व्हिसला गॅसवाला आला की त्याला हीटिंगची कमाल ताकद कमी करायला सांगा. बॉयलरच्या आतल्या मेनूत ती सोय असते, पाच मिनिटांचं काम. न विचारता कुणी ते करत नाही.

बचतीसाठी नुसतं थर्मोस्टॅट खाली ओढू नका, कारण भिंती गार पडल्या की ओल वाढते. काळ्या ठिपक्यांना मी कधीच किरकोळ समजत नाही. इथल्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात, आम्ही भाड्याच्या खोलीत राहत असताना, गार वारा येतो म्हणून मीच बाथरूमच्या पंख्यावर प्लास्टिक चिकटवलं होतं. मार्चमध्ये बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट उघडलं तर आईने दिलेली पैठणी बुरशीने खाल्लेली. मुलगी तेव्हा दीड वर्षाची, तिचा खोकला उन्हाळ्यापर्यंत गेला नाही. मी या कामाकडे वळले ती त्यानंतर.

आपल्याकडे घर बांधताना हवा खेळती राहिली पाहिजे म्हणतात. तेच इथेही खरं आहे, फक्त हवा आपण ठरवू तिथून आणि ठरवू तेव्हा खेळली पाहिजे, कुठल्याही फटीतून नाही. 20 अंशांची, 65 टक्के आर्द्रतेची हवा 13 अंशांच्या गार भिंतीला लागली की पाणी सुटतं. बुरशीला तेवढंही लागत नाही, त्याआधीच ती धरते. आणि आपल्या घरांत वाफ भरपूर: कुकरच्या शिट्ट्या, उकळणारं वरण, चहा, कढत पाण्याची अंघोळ. धुतलेल्या कपड्यांची एक खेप घरात वाळवली की सुमारे दोन लिटर पाणी हवेत जातं. आई आल्या की स्वयंपाक दुप्पट होईल, कपडे दुप्पट होतील.

म्हणून कुकर लावण्याआधी पंखा चालू आणि शिजवून झाल्यावर वीस मिनिटं तसाच. स्वयंपाकघराचं दार बंद. बाथरूमचा पंखा धूळ काढून साफ करा. टिश्यू पेपर त्याच्या तोंडाशी धरला तर चिकटून राहिला पाहिजे. कपडे रेडिएटरवर कधीच नाहीत. बाथरूममध्ये दार लावून, पंखा चालू ठेवून, किंवा एका खोलीत डीह्युमिडिफायर लावून वाळवा. तो दोनेकशे वॅट वीज घेतो, पण त्याची उष्णता खोलीतच राहते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं सरकवा. दहा पाउंडांचं आर्द्रतामापक आणून बेडरूममध्ये ठेवा. आकडा 60 च्या वर राहिला तर बचत बाजूला ठेवून खिडकी दहा मिनिटं सताड उघडा. फटी बुजवल्यानंतर हे जास्तच पाळावं लागेल, हे आधीच मनात धरा.

कुणी आतून भिंतीला इन्सुलेशन लावायचं सुचवलं तर यंदा तरी नको. भरीव विटेची भिंत पाऊस पिते आणि पुन्हा वाळते. आतून चुकीचा थर चढला की ती वाळत नाही आणि मजल्याच्या तुळयांची टोकं कुजतात. योग्य साहित्याने, योग्य माणसाकडून ते होऊ शकतं, पण नोव्हेंबरच्या घाईत नाही. बाहेरच्या भिंतीवर भेगा असतील, पन्हाळ फुटली असेल, तर ती दुरुस्ती मात्र फ्रीहोल्डरकडे आजच लेखी मागा. ओली वीट कोरड्या विटेपेक्षा जास्त उष्णता घालवते. हीट पंपाचा (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणाऱ्या यंत्राचा) विचारही फ्लॅटमध्ये फ्रीहोल्डरच्या परवानगीशी येऊन अडतो, तो पुढे कधीतरी.

विजेच्या हीटरबद्दल. तेलाचा असो, सिरॅमिकचा असो, 'इको' लिहिलेला असो, एक युनिट विजेची एक युनिटच उष्णता होते, त्यात स्वस्त-महाग काही नाही. वीज युनिटला 25 पेन्सच्या आसपास, गॅसची उष्णता बॉयलरची तूट धरूनही आठच्या आत. दोन किलोवॅटचा हीटर पाच तास सतत चालला तर अडीच पाउंड गेले, महिन्याला 75. खोली तापवायला तो घेऊ नका. पण माणूस तापवायला वीज स्वस्त आहे. शंभर वॅटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट तासाला अडीच-तीन पेन्स घेतं.

आई-बाबांसाठी ते आणाच, पण त्यावर भिस्त ठेवून खोली गार ठेवू नका. वयस्कर माणसांच्या खोलीत 18 अंशांच्या खाली जायचं नाही, रात्रीसुद्धा, आणि दिवसा ते बसतात तिथे 20-21 असू द्या. साताऱ्याची थंडी कोरडी असते, उन्हात बसलं की जाते. इथली थंडी दुपारी चारला अंधार पडतो तेव्हापासून हाडांत शिरते. ते 'आम्हाला चालतंय' म्हणतील आणि तुमचं बिल वाचावं म्हणून स्वेटरवर स्वेटर घालून बसतील. त्यांना विचारू नका, खोलीतला थर्मामीटर बघा. बेडरूम त्यांना द्याल, तर त्यांचा पलंग बाहेरच्या भिंतीपासून लांब, आतल्या भिंतीला लावा. त्या खोलीचा रेडिएटर व्हॉल्व्ह 3 वर ठेवा आणि रेडिएटरसमोर बॅगा रचू नका.

नोव्हेंबरला अजून वेळ आहे. येत्या रविवारी सकाळी गॅसच्या मीटरचा आकडा लिहा आणि दर रविवारी त्याच वेळेला लिहीत राहा, शेजारी त्या आठवड्यातलं बाहेरचं तापमान. आधी उदबत्ती फिरवा, चिमणी आणि पाइपांची भोकं बंद करा. पुढच्या आठवड्यात बॉयलर 55 वर आणा. दोन्ही एकाच आठवड्यात करू नका, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळेल. हीटिंग सुरू झाल्यावरचे सहा आठवड्यांचे आकडे हाती आले की मला पाठवा, सेकंडरी ग्लेझिंग चारही खिडक्यांना लावायचं की दोनच खिडक्यांना, ते त्यावरून ठरवू.